हात न कापणारी थीम

आमच्या नर्सरीच्या साइटवर माझ्या बायकोचा एकही फोटो नव्हता. होता तो फक्त तिचा डावा हात. रोपांचे सगळे फोटो तिने एकटीने काढलेले. डाव्या तळहातावर काळी पिशवी, पिशवीत सोनचाफ्याचं नाहीतर जास्वंदीचं कलम, आणि उजव्या हातात मोबाइल. हात मुद्दाम असायचा. गिऱ्हाइकाला झाड केवढं ते घरबसल्या कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. प्रत्येक फोटोखाली तिने तेच एक वाक्य टाकलं होतं: हातावरून उंची समजून घ्या.

ती गेली पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे रोपं खपायच्या ऐन दिवसांत. आजार फार लांबला नाही. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मिस्सा झाली, गाव लोटलं, फादर फार छान बोलले म्हणे. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. लोक सांगत होते, रडून घ्या, हलकं वाटेल. अरे, जड वाटत असेल तर हलकं वाटणार ना? मला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तसा मी अख्खाच्या अख्खा झालो होतो. जेवत होतो, झोपत होतो, वाडीत पाइप धरून उभा राहत होतो.

साइटवर घरचा नंबर होता, त्यामुळे फोन यायचे. मॅडम आहेत का? मी म्हणायचो, बाहेर गेल्यात. खोटं बोलावं असं मनात नसायचं. पण खरं जे होतं ते वाक्य तोंडाशी यायचंच नाही. कधी येतील, असं विचारलं तर म्हणायचो, सांगता येत नाही. निदान तेवढं तरी खोटं नव्हतं.

नर्सरी चालवायची की बंद करायची, हा निर्णय मुलीने घेतला. ती गोखिवऱ्याला राहते, ऑफिसचं काम घरूनच करते. आईचं कलम बांधणं तिने लहानपणापासून पाहिलं होतं आणि तिच्या हातालाही ते वळण होतं. मी वालीवच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात जन्म घातलेला माणूस. झाडांतलं मला एवढंच कळतं की त्यांना पाणी लागतं. ती म्हणाली, झाडं मी बघते, पप्पा, तुम्ही साइट बघा. मला कामाला लावायचं होतं तिला, हे मला समजत नव्हतं असं नाही. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जोर लागतो.

साइट तोपर्यंत बिघडली होती. काहीतरी अपडेट झालं आणि जुनी थीम त्याच्याशी जमेना. थीम म्हणजे साइटचा पोशाख, असं मुलीने मला समजावलं. मजकूर तोच राहतो, दिसणं बदलतं. आमच्या थीमला तिच्या कर्त्याने कधीच वाऱ्यावर सोडलं होतं, त्यामुळे फोटो एकमेकांच्या अंगावर चढून बसले होते आणि मोगऱ्याखाली लिंबाचं वर्णन येत होतं. नवी थीम घ्यायला हवी होती. मुलीच्या अटी अशा, की ती फुकट पाहिजे, अलीकडे कोणीतरी तिची डागडुजी केलेली पाहिजे, आणि नव्या ब्लॉकवाल्या एडिटरवर नीट चालली पाहिजे. त्या एडिटरमध्ये प्रत्येक फोटो, प्रत्येक परिच्छेद वेगळा ठोकळा असतो. ठोकळा उचलायचा, वर-खाली सरकवायचा, बदलायचा. हे मात्र मला आवडलं. स्टोअरमधल्या मांडण्या अशाच असतात.

माझी अट एकच होती आणि ती मी तिला सांगितली नाही. हात राहिला पाहिजे.

पहिली थीम मी डेमो बघून घेतली. डेमोत बर्फाचे डोंगर, लाकडी टेबल, कॉफीचा कप आणि लॅपटॉपकडे बघून विनाकारण हसणारी गोरी बाई. फारच झकास दिसत होतं. आमच्या साइटला लावली आणि डोंगर गेले, बाई गेली, उरला एक मोठा राखाडी पट्टा आणि त्याखाली आमच्या नर्सरीचं नाव, त्यातल्या वेलांट्या वरून भादरलेल्या. फोटो तिथे चौकोनात बसायचे. बायकोचे सगळे फोटो उभे. थीमने प्रत्येक फोटो मधोमध धरून वरचं-खालचं उडवून टाकलं. वर पानं नाहीत, खाली हात नाही. नुसत्या काळ्या पिशव्यांची रांग. कोळशाची वखार वाटली मला.

दुसरीत उलट झालं. वर रुंद पट्टा होता, त्यात फोटो ताणून बसवला तर पडदाभर नुसता हात आला. झाड गायब. अंगठा केवढा तरी मोठा, त्याला कलम बांधायच्या प्लॅस्टिकची पट्टी चिकटलेली, नखात माती, मनगटावर बारीक साखळीचं घड्याळ. मी बघत बसलो. मला वाटलं आता काहीतरी होईल. नाही झालं. घड्याळात किती वाजलेत तेच मी वाचत होतो.

मुलगी मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिने बघितलं, ओढणीचं टोक नाकाला लावलं आणि मग एकदम कडक आवाजात म्हणाली की ही थीम काही कामाची नाही, कारण इथे काहीही बदलायला गेलं की विकतची घ्या म्हणून पाटी येते. ते खरंच होतं. रंग बदलायला गेलो तर पाटी, अक्षर मोठं करायला गेलो तर पाटी. फुकट म्हणून घरात घ्यायचं आणि आतल्या सगळ्या खोल्यांना कुलूप. डोक्याला नुसता ताप.

नंतर मी डेमो बघणं सोडलं. एक कोरी साइट वेगळी उघडली, तिच्यात बायकोचा एकच फोटो आणि त्याखालचं वाक्य टाकलं, आणि जी थीम दिसेल ती त्याच्यावर चढवून बघायला लागलो. नवीन माल आला की कारखान्यात आम्ही एक नग काढून मशीनला लावून बघायचो, तसंच. कोणती थीम वरून कापते, कोणती खालून, कोणती मोबाइलवर वेगळंच काहीतरी करते, हे मला पाठ झालं. मुलगी म्हणाली, पप्पा, एवढ्यात तर लोक लग्नाची मुलगी पसंत करतात. मी म्हटलं, म्हणूनच पुढे बोंब होते.

शेवटी जी मिळाली तिच्यात काहीच नव्हतं. पांढरं पान, काळी अक्षरं, बस्स. डेमोतसुद्धा एक साधा परिच्छेद आणि एक झाडाचं चित्र. आधी मी तिला दोनदा ओलांडून पुढे गेलो होतो. पण ती फोटो कापत नव्हती. उभा फोटो उभाच ठेवायची, मोबाइलवर आणि संगणकावर. वेलांट्याही शाबूत. वरच्या पट्ट्यात फोटो टाकला तर त्याच्यावर एक छोटा गोल ठिपका यायचा. तो ठिपका फोटोच्या ज्या भागावर नेऊन ठेवाल, तो भाग कापाकापीतून वाचतो. मी ठिपका मनगटावर नेऊन ठेवला. झाड अर्धंच दिसत होतं, दिसू दे. मुलीला दाखवलं. तिला थीम पसंत पडली.

मग तिने खुर्ची ओढली आणि पानं खाली सरकवत गेली. जास्वंद, अबोली, मोगरा, लिंबू, सोनचाफा. सगळीकडे हात. ती थांबली आणि म्हणाली, "पप्पा, ह्यातली झाडं विकली गेलीत. आईचा नियम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. जे झाड वाडीत नाही त्याचा फोटो ठेवायचा नाही. सातिवलीहून एखादा रिक्षा करून यायचा आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं, हे तिला चालायचं नाही. खेप संपली की त्याच दिवशी फोटो काढून टाकायची. नव्या कलमांची खेप धरली की नवा फोटो. ती गेल्यापासून हे कोणी केलं नव्हतं, म्हणून तर हात राहिले होते. मला राग आला, आणि राग तरी आला म्हणून बरंही वाटलं. मी म्हटलं, एवढा खटाटोप मी कशासाठी केला मग? थीम काय चाटायची आहे? ती माझ्यावर ओरडली नाही. म्हणाली की फोटो आपल्याकडे घरात राहतील, कुठे जात नाहीत. पण साइटवर आईच्या नावाने खोटी झाडं नकोत.

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. खोटं तर मी फोनवर बोलतच होतो.

नव्या खेपेचे फोटो मी काढले. मुलीचे दोन्ही हात चिखलात होते, आणि मलाच वाटलं की मी काढावेत. डाव्या हातावर पिशवी, उजव्या हातात मोबाइल. अंगठा बटणापर्यंत पोचेना, पिशवी कलंडे, पहिल्या काही फोटोंत नुसते माझे पाय आले. तिने हे रोज कसं केलं असेल, देव जाणे. मग जमलं. एकेक ठोकळा निवडायचा, 'बदला' दाबायचं, नवा फोटो द्यायचा. क्षणात होतं ते. तिचा हात जाई आणि माझा येई. खालचं वाक्य तसंच राहायचं, त्याला हात लावायची गरज नव्हती. पट्ट्यातला फोटोही बदलला. ठिपका मुलीने झाडावर नेऊन ठेवला. मी बघत होतो. काही वाटलं नाही.

दोन-चार दिवसांनी एक फोन आला. बाई जुन्या गिऱ्हाईक होत्या, दर वर्षी सोनचाफा न्यायच्या, कधी बहिणीला, कधी सोसायटीला. साइट आता छान दिसते म्हणाल्या, मोबाइलवर पण पटकन उघडते. मी आभार मानले. मग जरा घुटमळून म्हणाल्या की राग मानू नका, पण यंदा कलमं बारकी वाटतात. मागच्या वर्षी याच भावात चांगली हातभर उंच होती. मॅडम असं कधी करत नसत.

मी त्यांना सांगणार होतो की झाडं अगदी तेवढीच आहेत, मुलीने मोजून घेतली आहेत, आईच्याच मापाने. साइट समोर उघडी होती. मी फोटोकडे बघितलं. पिशवी माझ्या तळहातात पार बुडालेली. माझा पंजा मोठा, स्टोअरमध्ये लोखंड उचललेला. त्याच्यावर सोनचाफा खरंच एवढासा दिसत होता. तिचा हात लहान होता. तिच्या हातावर सगळी झाडं मोठी दिसायची.

बाईंना वाटलं फोन कट झाला. हॅलो, हॅलो करत होत्या.

"बाई, झाडं तेवढीच आहेत," मी म्हटलं. "हात माझा आहे. ती वारली."

बोललो आणि रडायलाच लागलो. मी रडत होतो ते त्यांना ऐकू जात असणार, पण त्यांनी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, कधी? मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, दोन सोनचाफे माझ्यासाठी बाजूला ठेवा, मी स्वतः येऊन नेते.

मी मुलीला हाक मारली आणि दोन कलमं वेगळी काढायला सांगितली.