मातीच्या ढिगाचा मानकरी

एउदोसिया पोमा सापायांगा गावची. सासू वारल्यापासून गावातल्या प्रत्येक लग्नाची, प्रत्येक बारशाची पाचामांका, म्हणजे मातीखाली भाजलेलं जेवण, तीच लावत आली. खड्डा खणायचा, दगड लालभडक तापवायचे, त्यांच्या थरांत मांस, बटाटे, ओल्या शेंगा मांडायच्या आणि वर पाला घालून माती लोटायची. मग पाहुण्यांतून निवडलेल्या मानकऱ्याने त्या ढिगावर क्रूस रोवायचा आणि वेळ झाली की त्यानेच ढीग उघडायचा. जेवण कच्चं निघालं तर बोल मानकऱ्याला लागतो, स्वयंपाकिणीला नाही.

परराष्ट्र खात्याने राजदूतांना देशाचं जेवण घालायचं ठरवलं, तेव्हा तिला राजधानीत, लिमाला बोलावणं आलं. जेवण रंगलं तर परदेशातल्या दूतावासांत सापायांगाच्या बायका स्वयंपाकाला जाणार होत्या. तिची मुलगी निल्डा त्यांत पहिली.

व्यवस्था फियोरेला नावाच्या तरुण अधिकारी मुलीकडे होती. खात्याच्या बागेतली हिरवळ खणता येणार नाही, लोखंडी भट्टी आणून ठेवली आहे, असं तिने सांगितलं. एउदोसियाने भट्टीभोवती एक चक्कर मारली आणि ती बटाट्यांच्या पोत्यावर जाऊन बसली. पाहुण्यांना फरक कळणार नाही, असं फियोरेलाने परोपरीने समजावलं. मला कळेल, एवढंच उत्तर आलं. शेवटी गॅरेजच्या मागे कचऱ्याचे डबे हलवून तिला जागा करून दिली.

खड्डा बुजवून झाला. पाहुणे जमले. शेजारच्या देशाचे राजदूत इबान्येस एका बाजूला एकटेच उभे होते. समुद्रातल्या हद्दीवरून दोन्ही देशांत तेढ आली होती आणि त्यांच्याजवळ कुणी फिरकत नव्हतं. एउदोसियाने क्रूस उचलला आणि त्यांच्याकडे बोट केलं.

"ते नकोत, बाई," फियोरेला पुढे येऊन कुजबुजली. " त्यांच्याशी आपलं वाजलंय."

"म्हणून तर. पाटाच्या पाण्यावरून माझं शेजाऱ्याशी वाजलं, तेव्हा मी त्यालाच मानकरी केलं. एकदा मानाचा सोयरा, कोंपाद्रे झाला की घरचा झाला. मग धड भांडताही येत नाही."

"आणि कच्चं निघालं तर? बोल त्यांना लागणार. माझी नोकरी जाईल आणि तुमच्या निल्डाचं जाणंही राहील."

एउदोसिया ढिगाकडे वळली. लिमाची माती भुसभुशीत. दोन ठिकाणांहून वाफ निसटताना तिने पाहिली होती. तिने ओली पोती मागवली, ढिगावर अंथरली, वर आणखी माती ओढली. मग हात झटकून ती सरळ इबान्येसांपुढे गेली.

"मधोमध रोवा. आणि जोर लावा, चोरट्यासारखं नको."

त्यांनी कोट काढला आणि क्रूस रोवला.

ढीग उघडला तेव्हा मांस हाडावरून सुटून येत होतं. शेंगा लोण्यासारख्या. लोक सरसावले. तेवढ्यात कडेचा एक बटाटा इबान्येसांच्याच हाती आला. सुरी अर्ध्यात अडकली. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. फियोरेलाने डोळे मिटून घेतले.

एउदोसियाने तो बटाटा घेतला, एक घास चावला आणि गावात कुणालाही म्हटलं असतं तसंच म्हणाली, "कच्चा आहे, कोंपाद्रे. हात थंड तुमचा. दंड एक मेंढा. पुढच्या वर्षी, सापायांगाला."

इबान्येसांनी सुरी खाली ठेवली.

"काळा की पांढरा?"

आधी परराष्ट्रमंत्री हसले, मग सगळेच. कुणीतरी इबान्येसांच्या हाती पेला दिला.

पुढच्या वर्षी ते दोर धरून मेंढा घेऊन स्वतः सापायांगाला आले. काळा होता. हद्दीचं भांडण मिटलं नव्हतं. निल्डा मात्र त्यांच्याच राजधानीत, आपल्या देशाच्या दूतावासाच्या परसात, खड्डा खणत होती.