एक परकं गिऱ्हाईक पाहिजे

लोकसाहित्याच्या अभ्यासात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्यातून एक नियम हाती लागला. किस्सा मागायला गेलं की मिळत नाही. ध्वनिमुद्रक पुढे ठेवला की चांगला बोलका माणूसही हवापाण्याकडे वळतो. उलट जिथे आपण काही गोळा करायला गेलेलोच नसतो, तिथे किस्से आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्यासारखे पायात येतात. कितीही झाडा, कोपऱ्यात चार काड्या उरतातच. माझ्या पुतणीच्या, वसुधाच्या, रत्नागिरीतल्या ऑफिसात नेमकं हेच होतं. तिथे पेंढाही खराच असतो.

हे ऑफिस म्हणजे आंब्याच्या गोदामावरची एक खोली. वसुधा मुंबईची नोकरी सोडून आली आणि तिने घरच्या बागेचे आंबे वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. जाहिरातीसाठी तिने एक वेगळा मार्ग धरला. काही मंडळी स्वयंपाक, प्रवास, गुंतवणूक अशा विषयांवर दर आठवड्याला हजारो वाचकांना ईमेल पाठवतात. त्या ईमेलमध्ये ती जागा विकत घेते. वाचकाने जाहिरातीवर बोट ठेवलं की तो आमच्या वेबसाइटवर येतो, आणि त्या प्रत्येक बोटाचे पैसे आम्ही मोजतो. आलेला माणूस खरा की उगाच आलेला, तो किती वेळ थांबला, त्याने काही घेतलं का आणि जाहिरातीत घातलेलं परत आलं का, हे सगळं बघायचं काम पालीच्या प्रसादकडे आहे. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे. निवृत्त माणसाला कुठेतरी बसवायला हवं, असा त्यामागे वसुधाचा व्यवहारी विचार असावा.

बाग मात्र अण्णांच्या, म्हणजे माझे थोरले बंधू आणि वसुधाचे वडील, त्यांच्या हातात. त्यांचा माल वर्षानुवर्षं वाशीच्या व्यापाऱ्याकडे जातो. त्यांनी मुलीला एकच हंगाम दिला आणि एकच अट घातली.

"ओळखीपाळखीत विकायला कॉम्प्युटर कशाला हवा गो? ज्याचा आपला काडीचा संबंध नाही असा एक माणूस तुझी जाहिरात बघून यायला हवा, आणि आंबा खाऊन परत यायला हवा. तसा आला तर पुढची बाग तुझी. नाहीतर पेट्या आपल्या वाशीला."

एक माणूस! वसुधा हसली होती. कोकणात परका माणूस मिळणं किती कठीण असतं, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

*

पहिली जाहिरात गेली आणि दुपारपर्यंत वेबसाइटवर झुंबड उडाली. प्रसाद खुर्चीतून उठून उभाच राहिला. संध्याकाळी आकडे नीट बघितले तेव्हा तो पुन्हा बसला. आलेला प्रत्येक जण दोन-चार सेकंद थांबून निघून गेला होता.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. वसुधाने जाहिरातीची बातमी हौसेने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली होती. सगळ्यांनी त्या ईमेलसाठी नावं नोंदवली, जाहिरात शोधून तिच्यावर बोट ठेवलं आणि आपण येऊन गेल्याचं समाधान मानलं. अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं तर यात नवीन काहीच नव्हतं. घरच्या कार्याला तोंड दाखवून, जेवायला न थांबता शेवटची गाडी धरणारा हा आमचा जुनाच वर्ग. फक्त मांडव बदलला होता.

वसुधाच्या गिरगावच्या आतेभावाने तर घरातल्या तिन्ही फोनांवरून बोट ठेवलं होतं. मी एकटाच आलो असं वाटू नये, हे त्याचं म्हणणं. वसुधाने त्याला फोन करून समजावलं की दादा, तुम्ही दाबलंत की आमचे पैसे जातात. तो फार ओशाळला. तासाभराने प्रसादला आणखी तीन बोटं दिसली. वसुधाने पुन्हा फोन केला तेव्हा दादा म्हणाला, "अगं, परत करता येतं का बघत होतो."

*

मग ठरलं की जाहिरातीचं शीर्षक तरी पारखून घ्यावं. मी दोन ओळी लिहिल्या होत्या. एका ओळीत आंब्याचा वास होता, दुसरीत बागेची गोष्ट. वसुधा म्हणाली, निम्म्या वाचकांना ही पाठवू, निम्म्यांना ती, आणि कुठल्या ओळीवर जास्त माणसं येतात ते बघू. अण्णांना ही पद्धत उधळपट्टीची वाटली. एवढ्यासाठी ग्रामदेवता आहे की, म्हणाले.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावतात आणि गुरव प्रश्न घालतो. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. प्रश्न नीट घालणं ही यातली खरी विद्या, आणि आमच्या गुरवाला ती उत्तम येते. त्याने देवाला ईमेल म्हणजे काय हे सांगण्यातच बराच वेळ घेतला. मग वासाची ओळ चालेल का, असं विचारलं. कुठलाच कळा हलेना. गोष्टीची ओळ चालेल का? तरी हलेना. शेवटी गुरव म्हणाला, "अण्णानु, देव म्हणतो घाई नको. अजून माणसं येऊंदेत."

आम्ही ऑफिसात परतलो तर प्रसादची चाचणी संपली होती. त्याने पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं. दोन ओळींतला फरक ठरवायला अजून पुरेशी माणसं आलेली नव्हती. दोन ज्ञानशाखांचं इतकं नेमकं एकमत मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिलेलं नाही.

*

तिसरा प्रसंग जरा भयाचा. एका नव्या ईमेलवाल्याने स्वस्तात जागा दिली आणि त्याच्याकडून माणसांचा लोंढा सुरू झाला. पण सगळे एकाच क्षणी येत. पान खाली सरकवत नसत. जेवढी म्हणून बटणं होती तेवढी सगळी दाबत आणि नाहीसे होत. प्रसाद गंभीरपणे म्हणाला, "सर, ही माणसं नायत."

खोलीत अण्णा होते. त्यांनी हातातलं विड्याचं पान खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मग कोण आहेत?"

कॉम्प्युटरच आपणहून येऊन बटणं दाबतात, हे त्यांना पटवायला प्रसादने एक परीक्षा योजली. पानाच्या पांढऱ्या जागेवर पांढऱ्याच अक्षरांत त्याने एक शब्द लिहिला. माणसाच्या डोळ्याला तो दिसणं शक्य नाही, त्यामुळे त्यावर बोट ठेवणारा माणूस असणं शक्य नाही. माझ्या संग्रहात भुताच्या अनेक परीक्षा आहेत. उलटी पावलं, नसलेली सावली, न लवणारी पापणी. त्यांच्या शेजारी ही निःसंकोच बसावी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर झाडून सगळ्यांनी तो न दिसणारा शब्द दाबला होता.

ईमेलवाला फोनवर हुज्जत घालू लागला. आमचे वाचक चपळ आहेत, म्हणाला. वसुधा तोंड उघडणार एवढ्यात अण्णांनी फोन तिच्या हातातून घेतला. "हे बघा, जे कोणाला दिसत नाही ते ज्यांना दिसतं, त्यांच्याशी आमच्या घराण्यात कोणी व्यवहार केलेला नाही. आणि करणार पण नाही."

तेवढ्यावर प्रकरण मिटलं. हंगाम मात्र अर्धा सरला होता, आणि वाशीच्या व्यापाऱ्याने अण्णांकडे पुढल्या वर्षाची विचारणा सुरू केली होती.

*

अशा वेळी ठाण्याचा एक पाहुणा प्रगट झाला. जाहिरातीवरून आला आणि थांबला. रोज येई, तासन्तास थांबे, एकेक फोटो मोठा करून बघे. प्रसादच्या भाषेत याला उच्च दर्जाचं ट्रॅफिक म्हणतात. वसुधाने तर त्याचं काल्पनिक चित्रही रंगवलं होतं. गाव सुटलेला, हळवा, कोकणाच्या ओढीने रोज बाग बघणारा.

अखेर त्याने एक पेटी मागवली आणि सोबत निरोप लिहिला. "तिसऱ्या फोटोत गडग्याला लागून जो आंबा दिसतो तो माझ्या हद्दीतला आहे. पेटीत त्याची फळं निघाली तर मला ओळखता येतील."

तो आमचा चुलत चुलत भाऊ निघाला. बागेच्या दगडी गडग्यावरून त्याचा आणि अण्णांचा वाद दोघांच्या वडिलांपासून चालत आलेला आहे. तरीही वसुधाने आशा सोडली नाही. संबंध नाही, बोलणं नाही, एकमेकांच्या दारात पाऊल नाही. हा परका धरायला हरकत नसावी, असं तिने सुचवलं.

अण्णा दुखावल्यासारखे झाले. "भाऊबंद परका कसा होईल? वैरी असला तरी घरचा आहे तो." पेटी त्यांनी स्वतः भरली. कुठल्या झाडाची भरली, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

*

यानंतर प्रसादने ऑर्डरच्या पानावर एक प्रश्न घातला. आमच्याबद्दल कुठून कळलं? ज्यांनी ईमेल असं उत्तर दिलं त्यांतून चार-दोन निखळ परकी नावं त्याने निवडली आणि मोठ्या उमेदीने अण्णांसमोर ठेवली. अण्णा म्हणाले, खात्री करून घेतो.

अण्णांची खात्री करून घेण्याची पद्धत अशी. आधी आडनाव, मग आजोळ, मग कुलदैवत. पूर्वी अनोळखी माणूस गावाच्या पाणंदीत दिसला की त्याला 'तुम्ही कोणाचे?' असं विचारत. त्या प्रश्नाचा हेतू माणसाला अडवण्याचा नव्हता, त्याला कुठेतरी बसवण्याचा होता. अण्णा तो फोनवरून चालवतात. नागपूरच्या एका गृहस्थांची आजी इथल्याच नाटे गावची निघाली आणि तिच्या बहिणीला आमच्या आजीने हळद लावल्याचं सिद्ध झालं. इंदूरच्या बाईंचे सासरे दापोलीला शिकायला होते आणि अण्णांच्या मेहुण्याचे खोलीसोबती होते. फोन ठेवताना अण्णांचा चेहरा दर वेळी उजळलेला असे, आणि वसुधाचा तितकाच उतरलेला.

प्रसाद हताश होऊन मला म्हणाला, "सर, जाहिरात चालते ओ. माणूस परकाच येतो. अण्णा फोन करतात नि तो घरचा होतो."

*

हंगाम संपत आला तेव्हा शिलाँगहून एक ऑर्डर आली. बाई स्वयंपाकाच्या ईमेलमधून आल्या होत्या, मजकूर पूर्ण वाचला होता, पेटी घेतली होती. पंधरवड्यात त्या पुन्हा आल्या आणि दुसरी पेटी मागितली. आडनाव आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. प्रसादने ते तीनदा वाचलं. आता ह्यात काय सापडणार, असं तो पुटपुटला, पण फोन अण्णांकडे देताना त्याचा हात जरा रेंगाळला. सकाळीच वाशीच्या व्यापाऱ्याचा पुन्हा फोन येऊन गेला होता, आणि संध्याकाळी कळवतो, असं अण्णांनी त्याला सांगितलं होतं.

अण्णांनी त्यांच्या हिंदीत सुरुवात केली. आडनावातून काही निघेना. वडिलांचं गाव विचारलं तर बाईंनी आईचं सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे घराणं आईवरून चालतं. अण्णा क्षणभर थांबले, पण मागे हटले नाहीत. घरातलं कोणी कधी बंबईला नोकरीला? नाही. समुद्र तरी बघितलाय? एकदा, लहानपणी, आणि तोही पलीकडचा. शेवटी कुलदैवत. बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, गावाबाहेर एक राखलेली राई आहे, तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी आणत नाही.

अण्णा ताठ बसले. "हमारा भी है। वैसाच। काडी नहीं लाने का।"

प्रसादने डोळे मिटून घेतले. पण राईवरून नातं काही जुळेना. दोन राया आणि मध्ये अख्खा देश. अण्णांनी आणखी दोन-तीन वाटा करून बघितल्या आणि प्रथमच त्यांच्याजवळचे प्रश्न संपले. वसुधा टेबलाची कड घट्ट धरून उभी होती. तिला मिळाला होता तो, निखळ परका माणूस, आंबा खाऊन परत आलेला.

अण्णांनी हळूच विचारलं, "मतलब आपका इधर कोई नहीं?"

फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे उत्तर आम्हा सर्वांना ऐकू आलं. "नहीं दादा, कोई नहीं।"

"अब है," अण्णा म्हणाले. पेटीचे पैसे पाठवायचे नाहीत, असं बजावून त्यांनी फोन ठेवला.

 मग प्रसादने निमूटपणे बाईंचं नाव परक्यांच्या रकान्यातून पुसलं. रकाना पुन्हा रिकामा झाला. वसुधा टेबल सोडून पुढे आली.

"अण्णा, मग बागेचं काय?"

"बागेचं काय म्हणजे?" अण्णा चपला शोधत म्हणाले. "माणसं केवढी वाढवून ठेवलीस घरात. वाशीला पाठवायला आता पेट्या उरणार आहेत काय?"