परसातलं पोतं

पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. सुटले एकदाची म्हणून मी खुशीत होते, तोच पुन्हा अंगावरून जाऊ लागलं. सासूबाईंनी लगेच परसात पोतं टाकलं. "कावळा शिवला तुला. जा, भायेर बस." जावेला हसू आवरेना. म्हणे, म्हातारपणी तारुण्य आलं!

बसले. चार दिवसांनी उठले, आठवड्यानं पुन्हा बसले. मग नवरा जवळ आला की डाग, भरली घागर उचलली की डाग. हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाजेपायी किती जणी गेल्या ते सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत विचारा.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, ही पाळी न्हाय. मला दवाखान्यात जायचंय."

"विटाळाची टांग्यात बसतीस व्हय? चार दिस जाऊ दे की."

चार दिवस गेले की डागही जायचा. मग म्हणायच्या, "आता बरी हायस की, कशाला जातीस?" दुखणं असताना जायचं नाही आणि नसताना गरज नाही, अशी ही शहाणी रीत. आमचे हे आईच्या शब्दाला मान डोलावणारे. मला भीती वाटत होती, पण त्याहून संताप जास्त.

पुढच्या खेपेला डाग दिसला त्याच सकाळी मी पोत्यावरून उठले, मुद्दाम चुलीजवळून चालत रस्त्यावर आले आणि टांगा केला. मागून शिव्यांचा भडिमार चालूच होता.

बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती, बोट लागलं की रक्त येई. तिचा बारीक तुकडा काढून त्यांनी मुंबईला तपासायला पाठवला. उत्तर आल्यावर मला समोर बसवून म्हणाल्या, "कॅन्सर आहे. पण अजून तोंडाशीच आहे. बायका माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. तुम्ही वेळेत आलात."

मी पोटभर रडले. मग विचारलं, "कापता कधी?"

पिशवी काढली. बरी होऊन घरी परतले, तर सासूबाई दारात आडव्या. "आदी परसात जाऊन डोक्यावरनं पानी घे. मग आत ये."

परसात गेले. ते पोतं उचललं आणि पाण्याच्या चुलीत सारलं. चांगलं भडकलं. मग वळून मी मागोमाग आलेल्या सासूबाईंच्या गळ्यात पडले.

"शिवले तुमाला. पानी तापलंय, आंगूळ आता तुमी करा. मी जित्ती हाय."