टाकीतलं पाणी खुणेवर कोण आणतं

या सदरातले अनुभव मी वाचते ते त्यांची कारणं शोधायला. कोणाला रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मला आधी सांगणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराची शंका येते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसलेय याचाच राग येतोय. शिकले इंग्लिश मीडियममध्ये, मराठी लिहायची सवय कमी, तेव्हा चुका पोटात घाला. आणि यात कोणाला साधं, सरळ कारण दिसलं तर प्लीज सांगा.

लोडशेडिंगच्या वर्षांतली गोष्ट आहे. आम्ही वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत राहतो. तिसरा मजला, घरात आई आणि मी. बाबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराला लागून, त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी होती. आत दोन मासे, थोड्या गोगलगायी, एक कोळंबी आणि कोरल. कोरल म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत प्राणी असतात. बरं वाटत असलं की फुलतात, बिनसलं की मिटतात. सगळ्यात मोठं होतं ते मशरूमसारखं, पंज्याएवढं... बाबा त्याला ‘आजोबा’ म्हणायचे.

बाबा औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. टाकीसाठी खास मिठाची पाकिटं आणायचे. खालचे काका चिडवायचे, “अहो, खाडीपलीकडे मिठागरं पसरलीत आणि तुम्ही मीठ विकत आणता?” बाबा म्हणायचे, “ते तुमच्या भातात घाला. माझी मंडळी पथ्यावर आहेत.”

टाकीचं पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ उडत नाही. म्हणून रोज साधं, फिल्टरचं पाणी घालून पातळी काचेवरच्या लाल खुणेपर्यंत आणावी लागते. पातळी उतरली की फिल्टर घटाघट पाणी प्यायल्यासारखा आवाज करतो. बाबांचा क्रम ठरलेला होता. आंघोळ झाली की गॅलरीत जाऊन तांब्याच्या गडूने सूर्याला अर्घ्य द्यायचं, गडू कठड्यावर पालथा घालायचा आणि मग निळ्या प्लास्टिकच्या मगाने टाकीत पाणी.

ते गेल्यावर टाकीची बाकी कामं मी घेतली, हे पाण्याचं आईकडे गेलं. तसं ठरलं नव्हतं, पण पातळी रोज खुणेवर असायची, म्हणजे आई घालत असणार. विचारलं नाही. आमच्या घरात बाबा बोलायचे, आम्ही दोघी ऐकायचो. ते गेल्यावर बोलायचं कोणी, हे ठरलंच नाही.

आईला टाकी नको होती. वीज जाते, इन्व्हर्टर पुरत नाही, ही सांगायची कारणं. खरं ती एकदाच बोलली, “तो पंप चालू असला की हे आत आहेत असंच वाटतं ग. मला झोप लागत नाही.” स्टेशनजवळच्या एका डेंटिस्टला क्लिनिकसाठी टाकी हवी होती. आईने मला सांगून टाकलं, “आजोबा आहेत तोवर राहू दे. ते गेले की मी त्या डेंटिस्टना फोन करणार.”

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर टाकी बिघडायला लागली.

आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग कोळंबी मेली. मग छोटी कोरल एकेक करून मिटली ती उघडलीच नाहीत. आजोबा सकाळी लाईट लागला की जरा फुलायचे, आणि मी आंघोळ करून येईपर्यंत सुकलेल्या मोज्यासारखे लोंबत असायचे. मासे मात्र मजेत.

मी टेस्टवर टेस्ट केल्या. तापमान ठीक, खारटपणा ठीक, नायट्रेट ठीक. लाईटच्या ट्यूब बदलल्या. पंप उघडून धुतला. सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या एका फोरमवर सगळे आकडे टाकले, तर उत्तर आलं, ‘तुझे आकडे माझ्यापेक्षा चांगले आहेत.’ मग मरतंय काय माझ्या आकड्यांवर? खारटपणा इतका स्थिर की मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे आठवलं की अजून चीड येते.

एका सकाळी आंघोळ बाजूला ठेवून टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, मिटताना बघतेच. आजोबा फुललेले. काहीही होईना. बेल वाजली, दूधवाला. दार उघडून पातेलं आत ठेवून येते तर आजोबा मिटलेले आणि पाण्यावर तरंग. आई देवघरात होती, तिची पाठ मला दिसत होती. मी पंपाला शिव्या दिल्या. तरंग म्हणजे पंप, दुसरं काय?

शेवटी बाबा मुंबईतल्या ज्या दुकानातून टाकीचं सामान आणायचे, तिथल्या दुकानदाराला फोन लावला. फोनवर बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो, वाक्यं लिहून घेतली होती. त्याने मध्येच तोडलं. “मॅडम, वो सब छोडो. मछली ठीक, झिंगा मर गया? तो कॉपर है. कोई दवाई डाली?” 

दवाई नव्हती घातली. पण तांब्याची टेस्ट तेवढी मी केली नव्हती. बाबांच्या डब्यात तो किट होता. केली, आणि नळीतला रंग बदलला. तांबं. माशांना चालतं, कोरलला विष.

आता तांबं आलं कुठून? टाकीतली रेती चाळली, एखादं नाणं, वायरचा तुकडा मिळतोय का बघितलं. नाही. फिल्टरचं पाणी तपासलं, स्वच्छ. राहिली आई. तिला विचारायला मला दुपार लागली.

“आई, तू टाकीत पाणी कशाने घालतेस?”

ती भाजी निवडत होती. “मी कुठे घालते? तूच घालतेस ना.”

“मी नाही घालत.”

“मग?”

आम्ही दोघींनी टाकीकडे बघितलं. पातळी खुणेवर होती. पंखा चालू, बाहेर ऊन... रोज मगभर पाणी उडायला हवं होतं. इतके महिने.

गडूचंही तेच निघालं. आई रोज रात्री सवयीने बाबांसाठी म्हणून गडू भरून गॅलरीच्या कठड्यावर ठेवत होती. सकाळी तो पालथा असायचा. “मला वाटायचं तू तुळशीला घालतेस,” ती म्हणाली. मला वाटायचं, अर्घ्य आता आई देते. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी मी तपासलं. किटवरच्या रंगांच्या पट्टीत मावणार नाही इतका गडद रंग.

आणि मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं. “टाकी काढायचीच होती तर सरळ काढायची. त्यांना मारायचं कशाला?”

आईने गडू माझ्यासमोर ठेवला. “कपाटात घाल. किल्ली तुझ्याकडे ठेव.”

दुसऱ्या दिवशी गडू कपाटात, कोरडा. पाणी खुणेच्या खाली. फिल्टर घटाघट करत होता, तो आवाज बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा ऐकला. माझं म्हणणं सिद्ध झालं असं मला वाटायला हवं होतं. पण आई टाकीसमोर उभी राहून म्हणाली, “शेवटी शेवटी यांना आठवायचं नाही ग. गडू घेऊनच टाकीकडे यायचे.”

ते मला माहीत होतं. आजारपणात त्यांचे क्रम एकमेकांत मिसळायचे. चहा तुळशीला, पेपर फ्रीजमध्ये. गडू घेऊन ते टाकीशी आले की मी काही न बोलता तो काढून घ्यायचे आणि निळा मग हातात द्यायचे. ते म्हणायचे, “हं, बरोबर.” रोज.

धडधाकट बाबांनी टाकीत तांब्याचं पाणी कधीच घातलं नसतं. टाकीत हात घालायच्या आधी बोटातली अंगठीसुद्धा काढून ठेवणारा माणूस तो.

मी काय विचार केला ते मला नीट सांगता येणार नाही. निळा मग घेतला, फिल्टरचं पाणी भरलं आणि गडूच्या जागेवर, कठड्यावर ठेवला. आई बघत होती. मी म्हटलं, “टेस्ट आहे.”

मग आम्ही दोघी चहा घ्यायला बसलो. समोरासमोर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. हॉल तिथून दिसत नाही, पण आवाज सगळा येतो. फिल्टर घटाघट करत होता. आई म्हणाली, “कालचं मी मनावर घेतलं नाही.” मी म्हटलं, “सॉरी.” ती म्हणाली, “साखर कमी आहे का?” मी म्हटलं, “नाही, बरोबर आहे.” 

आणि फिल्टरचा आवाज थांबला.

आईचा कप तिच्या हातात होता, माझा माझ्या. आम्ही उठलो नव्हतो. दाराला कडी होती.

हॉलमध्ये गेलो तर पाणी खुणेवर. वर तरंग. निळा मग कठड्यावर पालथा, त्याच्या कडेखाली ओल. आजोबा फुललेलेच होते.

आई टाकीशी वाकली. मग पदराने काचेवरचा एक डाग पुसला आणि म्हणाली, “त्या डेंटिस्टना नाही म्हणून सांगते.”

मी तिच्यासारखी नाही, मी इतक्यात मान्य करत नाही. छतातून गळतंय का बघितलं. गॅलरीत कबुतरं येतात, मांजर येऊ शकतं, पण मांजर मग उचलत नाही. आई मावशीकडे राहायला गेली तेव्हाही निळा मग पालथा व्हायचा, म्हणजे ती नव्हे. मी झोपेत चालते का? मग त्या सकाळच्या चहाचं काय? बाबा म्हणायचे, आधी टेस्ट, मग मत. माझ्याकडच्या टेस्ट संपल्या. आकडे सगळे आहेत, मत नाही, आणि हे मला फार त्रास देतं.

पाणी बदलून, फिल्टरमध्ये तांबं शोषणारा कार्बन घालून तांबं हळूहळू गेलं. आजोबा वाचले. त्यांच्या बुंध्याशी आता एक छोटं पिल्लू आलंय.

गडू अजून कपाटात आहे. रात्री आई निळा मग भरून कठड्यावर ठेवते. फिल्टरचं पाणी घेतलं ना, एवढं मी रोज विचारते. ती म्हणते, “हो ग. त्यांनाही तेच सांगितलंय.”