ताटं परत येतात तिथं

माझ्या बैठकीत वर्तमानपत्रातलं एक कात्रण चौकटीत लावलेलं आहे. मथळा आहे, ‘द्रष्टा गुरू’. फोटोत मी आणि हॉटेलांच्या एका मोठ्या कंपनीची मुख्य अधिकारी असलेल्या बाई. पाहुण्यांना मुलगा आधी ते दाखवतो, मग चहा येतो.

त्या बाई पहिल्यांदा माझ्याकडे नोकरीला होत्या. आम्ही लातूरचे लिंगायत, आमची खानावळ जुनी. नांदेडला शाखा काढली तेव्हा हॉटेलचं शिक्षण घेतलेलं माणूस हवं होतं. मुदखेडच्या एका रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी आली. चुणचुणीत वाटली, ठेवून घेतली. आडनावावरून मला काही कळलं नाही. आमच्या आचाऱ्याने मात्र दोन दिवसांत गाव, गल्ली, आजोळ सगळं विचारून घेतलं.

“मालक, बौद्धाची पोरगी हाय. ती चुलीपाशी आली, की मी निलंग्याची येष्टी धरतो.”

येसर आमटी त्याच्यासारखी कुणाला जमत नव्हती. मी पुरोगामी माणूस, जयंतीच्या मिरवणुकीत पाणी वाटणारा. म्हणून मार्गही पुरोगामी काढला. तिला म्हणालो, “तुम्ही शिकलेल्या. धगीत कशाला जाता? उष्टी ताटं परत येतात तिथं उभ्या राहा. देखरेख करा.” वर सुपरवायझर हे पद दिलं.

ती “हाव मालक” म्हणाली आणि उभी राहिली.

महिन्याभराने म्हणाली, “आमटीच्या वाट्या रिकाम्या येऊन राहिल्यात, वांग्याची भाजी मात्र तशीच परत येतीय. कूट लई पडतोय.” आचारी तिचं ऐकणार नव्हता. मग मी ते माझं म्हणून सांगितलं. भाजी सुधारली. आचारी म्हणाला, “मालकाची जीभ म्हंजे जीभ.” तिने सांगावं, मी बोलावं, त्याने वाखाणावं, असं बरंच चाललं. पुढे ती हैदराबादला गेली आणि एकेक पायरी चढत थेट वर पोचली. तिथे चुलीपाशी जायला तिला कुणी अडवलं नसावं.

गेल्या वर्षी तिच्या कंपनीने लातुरात हॉटेल उघडलं. फीत कापायला मला बोलावलं. खरं काय ते सांगायचं असं घरून ठरवून गेलो होतो. भाषणात ती म्हणाली, “माझं खरं शिक्षण उष्ट्या ताटांपाशी झालं. मालकांनी मला तिथं उभं केलं.” टाळ्या पडल्या. मग माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, “मुलगी हुशार होती.” पुन्हा टाळ्या.

नंतर ती मला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेली. दारात तिने केस झाकायची टोपी पुढे केली. “घाला. हिच्याशिवाय आत कुणालाच सोडत नाही.”

टक्कल झाकत मी म्हणालो, “तुम्हाला तिथं का उभं केलं होतं, ते...”

“ठाऊक हाय. आचाऱ्याचा आवाज लई मोठा होता.”

“मग भाषणात सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. मालकांनी उभं केलं, असं म्हणाले मी. का केलं, ते माझ्याकडचं न्हाई, मालक. तुमच्याकडचं हाय.”

मी मान हलवून आत गेलो आणि आमटीची चव घेतली. बाहेर फोटोवाला थांबला होता. कात्रणातला फोटो तोच.

का केलं, ते वर लिहिलं आहे. हे छापून आलं, की त्या कात्रणाशेजारी लाव, असं मुलाला सांगितलंय. तो म्हणतो, भिंतीवर जागा नाही.