सात वाघिणी सुटल्या

विशेषणं गाळायला मी धुळ्यात शिकलो आणि पहिल्याच बातमीत सख्ख्या बहिणीचं लग्न गाळायची वेळ आणली.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. रेडिओला तालुक्यातून बातम्या पाठवणारी माणसं हवीत म्हणून धुळ्यात पंधरा दिवसांचा वर्ग भरला होता. यावलहून मी! शिकवायला आलेले साहेब रोज बजावत, "वाक्य छोटं ठेवा. विशेषण दिसलं की कापा!" मी इतका धास्तावलो होतो की खाणावळीतही 'गरम पोळी' न म्हणता नुसतं 'पोळी' म्हणायचो. (आणि गार पोळी खायचो.)

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपली बातमी माइकवर वाचायची होती. कर्णा लावला होता बाहेर, मोटार स्टँडसमोर. नेमके त्याच दिवशी साक्रीचे पाहुणे माझ्या बहिणीला, इंदूला, बघायला धुळ्यावरून यावलला जाणार होते. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. वडिलांचं, म्हणजे नानांचं पत्र आलं होतं, "पाहुण्यांना सांभाळून आण. जास्त बोलू नकोस." मी काय केलं? मुलाला आणि त्याच्या वडिलांना, आबांना, थेट कर्ण्याखालच्या बाकड्यावर बसवलं! म्हटलं, "ऐका हं आबा, आता मीच बोलणार."

माइक दिसला आणि साहेबांचं बजावणं आठवलं. कागदावर होतं, 'केळीच्या सात वाघिणी'. केळीच्या? विशेषणच की हे! कापलं. 'रेल्वेच्या' तर रात्रीच कापलं होतं.

"यावल भागाची बातमी. सात वाघिणी सुटल्या. दोन उभ्या आहेत. उद्या आणखी पाच येणार. मजूर कमी पडत आहेत."

आमच्या केळीच्या मुलखात मालगाडीच्या डब्याला सगळेच वाघीण म्हणतात. पण साक्रीकडे रेल्वेच नाही. तिकडे वाघीण म्हणजे वाघाची बायको!

बाहेर आलो तर बाकडं रिकामं! पाहुणे परतीच्या मोटारीत चढून बसलेले. इंदूला काय तोंड दाखवू? खिडकीला लोंबकळत ओरडलो, "आबा, उतरा! वाघिणी म्हणजे डबे!"

"डबामा कोंडेल व्हत्यात?"

"नाही हो! त्यात केळी भरतात!"

"वाघिणीस्ले केळं चालतस?" आबांनी मुलाचा हात घट्ट धरला. "मना एकच पोऱ्या शे, भाऊ! आम्हले नही येवानं तठे!"

मी रडकुंडीला आलो. शेवटी ड्रायव्हरलाच दया आली. तो भुसावळचा निघाला. त्याने एका वाक्यात सगळं समजावलं. (विशेषणासकट!) आबा उतरले, पण यावलपर्यंत माझ्याकडे काळजीने बघत राहिले. मी भीतीने तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याने ती काळजी वाढलीच.

घरी इंदू पाटावर बसली. आबांनी विचारलं, "तुना भाऊ काय करस, बेटा?"

ती बिचारी माझ्याइतकीच घाबरलेली. मान खाली घालून म्हणाली, "बोलायला शिकतोय."

आबांचा चेहरा एकदम निवळला. उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाले, "शिकी... जाशी... हां... भाऊ!"

लग्न जमलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. इंदूच्या सासरी अजूनही सगळे माझ्याशी सावकाश बोलतात.