साहेबांसाठी धुतलेली टाकी

बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा पहिला दोष माझ्या नाकाला लागला. मला सहावा महिना होता. "दिवस गेलेल्या बाईला कसलेही वास येतात," असं सासूबाईंनी जाहीर केलं. पुढे वरणभातालाच वास यायला लागला, तेव्हा त्यांनी निमूट ताट बाजूला सारलं.

कोपऱ्यावरच्या जुन्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती, हे रिक्षावाल्यांनाही ठाऊक होतं. शहरात तेव्हा नव्या गाड्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता, पंपावर रांगा लागत, आणि त्यांच्या खाली आमचं पाणी नासत होतं. पंपवाला म्हणायचा, "सरकारला तपासू दे, सांगेल तेवढं साफ करू." मला एवढंच दिसत होतं, की माझं मूल हे पाणी पिऊन वाढतंय.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, सोसायटीचे चेअरमन. त्यांचे आजोबा संस्थानाच्या नोकरीत होते आणि त्याचा ताठा अजून या घराच्या मानेतून गेला नव्हता. सरकारी माणूस येणार म्हटलं की आमच्याकडे पडदे धुतले जात. पाणी तपासायला साहेब येणार असं कळल्यावर या गृहस्थांनी काय करावं? गच्चीवरची टाकी रिकामी करून ब्लीचिंग पावडरनं घासून घेतली, दिवसभर उन्हात उघडी ठेवली आणि म्युनिसिपालटीचा टँकर मागवून काठोकाठ भरली.

"अहो मामंजी, ते घाण पाणी बघायलाच येताहेत ना?"

"साहेबांपुढे घाण पाणी ठेवायचं? बडोद्यात आपली काही अब्रू आहे, सूनबाई."

बाकीच्या सभासदांनी माना डोलावल्या. त्यात एकजण तर रिफायनरीतला इंजिनिअर होता. डिग्र्या भिंतीवर आणि अक्कल गहाण, दुसरं काय म्हणू?

"पधारो साहेब, पधारो!" झालं. चिवडा झाला, चहा झाला. साहेबांनी टाकीच्या नळाखाली बाटली भरली, हुंगली आणि म्हणाले, "वास नथी."

मी पुढे होऊन बोअरचं पाणी घ्यायला सांगितलं. "साहेब, आ तो टँकरनुं पाणी छे. बोरमांथी लो ने!"

मामंजी कसंनुसं हसले आणि साहेबांच्या बशीत आणखी चिवडा वाढला. बाटलीला बूच लागलं.

"अने जमीनमां पेट्रोल छे, एनुं शुं?" मी विचारलं.

"बेन, पीवाना पाणीनुं धोरण छे," साहेब चावता चावता म्हणाले. "जमीनमां केटलुं पेट्रोल चाले, एनुं कोई धोरण ज नथी."

म्हणजे नळातल्या पाण्याला नियम होता. जमिनीत मुरलेलं पेट्रोल कुठवर उपसायचं, याला नियमच नव्हता. आणि नियम नाही म्हटल्यावर पंपवाल्याच्या बापाला तरी कोण विचारणार होतं?

पाणी पास झालं. पंपवाल्यानं हात झटकले. दोन दिवसांत टँकरचं पाणी संपलं आणि नळाला पुन्हा तोच वास आला. तरी मामंजींनी पेढे वाटले. त्यांची कीव करावी एवढीही माया मला उरली नव्हती. मला त्यांची किळस आली.

बाळंतपणाला मी बडोद्यातच नागरवाड्यात माहेरी गेले. तिथं म्युनिसिपालटीचा नळ होता. मुलगी झाली, बारसं झालं, आणि मामंजी आम्हाला घरी बोलवायला आले.

"पाण्याचा वास गेला?" मी विचारलं.

"पाणी पास झालंय, सूनबाई. सरकारनं चांगलं म्हटलेल्या पाण्याला तू नावं ठेवणार?"

आईनं तांब्या-भांडं आणून ठेवलं. ते दोन भांडी पाणी घटाघट प्यायले. नातीच्या हातावर नोट ठेवली, घरी लवकर या म्हणाले आणि जायला उठले. मग दारातून परत फिरून त्यांनी पिशवीतला रिकामा कॅन काढला.

"विहीणबाई, एवढा भरून द्या. आमच्या पाण्याचा चहा हल्ली घशाखाली उतरत नाही."